सूप, मुसळ आणि हिरा : कोल्लूरच्या खाणीतील हिरेशोधनाची रीत

दख्खनच्या हिऱ्यांचा इतिहास आजवर बहुतांशी रत्नांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. अमुक हिरा कोणत्या राजाच्या खजिन्यात होता, तो कोणी लुटून नेला, त्याचे मूळ वजन किती आणि पैलू पाडल्यानंतर ते किती उरले, याची चर्चा पुष्कळ झाली. फ्रेंच जवाहिऱ्या जाँ बाप्तीस्त टॅव्हर्नियर याने १६६५ साली औरंगजेबाच्या दरबारी पाहिलेला ‘महामोगल’ हिरा आणि पुढे त्यानेच फ्रान्सचा राजा चौदावा लुई यास विकलेला निळा हिरा, या दोहोंवर ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत. परंतु हे खडे मातीतून वेगळे कसे केले जात, त्यासाठी कोणती हत्यारे वापरीत आणि ते कौशल्य मुळात कोणाचे होते, हा प्रश्न सहसा पुढे येत नाही. वास्तविक त्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतका पुरावा सतराव्या शतकातील वृत्तांतांत आहे. तो नीट पडताळून पाहिला असता असे दिसते की, कोल्लूरच्या खाणीत चालणारी रीत ही खाणकामाची कोणतीही स्वतंत्र विद्या नव्हती. खळ्यावर आणि घरच्या अंगणात धान्य निवडण्याची जी रीत, तीच तेथे हिऱ्यांना लावलेली होती.

प्राचीन ग्रंथांकडे प्रथम वळावे, तर निराशाच पदरी पडते. कौटिलीय अर्थशास्त्रात हिऱ्याचे उगम तीन सांगितले आहेत : खाण, प्रवाह आणि इतस्ततः विखुरलेले खडे. त्यात दिलेल्या हिऱ्यांच्या प्रादेशिक नावांपैकी ‘सभाराष्ट्रक’ हे नाव टीकाकारांनी विदर्भाशी जोडले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही हिऱ्यांच्या स्थानांची यादी येते. तीत वेणा नदीचा काठ आहे, कोसल व कलिंग आहेत आणि शूर्पारकही आहे. शूर्पारक म्हणजे सोपारा. तेथे हिऱ्याची खाण असण्याचा संभव नाही. ते बंदर होते. म्हणजे या याद्यांत उत्पत्तीची स्थाने आणि बाजाराची स्थाने यांची सरमिसळ झालेली आहे. याचे कारण उघड आहे. रत्नपरीक्षेचे शास्त्र हे विकत घेणाऱ्यासाठी रचलेले शास्त्र आहे. हिऱ्याचा रंग, त्याचे कोन, त्याचे दोष, त्याचे मोल या सर्वांविषयी ते बारकाईने बोलते. खडा हाती येईपर्यंत काय घडते याविषयी मात्र ते जवळजवळ मौन पाळते.

हे मौन प्रथम भंगले ते परदेशी व्यापाऱ्यांच्या लेखणीने. इंग्रज व्यापारी विल्यम मेथवोल्ड हा १६२०च्या सुमारास गोवळकोंड्याच्या राज्यात होता. त्याचा वृत्तांत १६२६ साली छापला गेला. टॅव्हर्नियरने सतराव्या शतकाच्या मध्यास येथील खाणी पाहिल्या. त्याच्या प्रवासांचे वर्णन १६७६ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १६७७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हेन्री हॉवर्ड याने सादर केलेले दख्खनच्या हिऱ्यांच्या खाणींचे वर्णन छापून आले. त्यात गोवळकोंड्याच्या राज्यातील २३ आणि विजापूरच्या राज्यातील १५ खाणी गणल्या आहेत. तिन्ही साक्षीदार खरेदीदारांच्या जगातले होते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. तथापि डोळ्यांसमोर चाललेले काम त्यांनी पाहिले, आणि त्यांची वर्णने एकमेकांशी ताडून पाहता येतात.

कोल्लूर हे गाव कृष्णेच्या दक्षिण तीरावर, गोवळकोंड्याच्या पूर्वेस टॅव्हर्नियरच्या हिशेबाने सात दिवसांच्या वाटेवर होते. त्याने खाणीचे देशी भाषेतील नाव ‘गनी’ असे दिले आहे. तेलुगूत गनि म्हणजे खाण. मजुरांनी ‘खाण’ म्हणून सांगितले आणि पाहुण्याने ते गावाचे नाव समजून टिपून घेतले, असा हा प्रकार दिसतो. या खाणीच्या शोधाची जी हकीकत त्याच्या कानी आली ती अशी : सुमारे १०० वर्षांपूर्वी एक गरीब माणूस भरड धान्य पेरण्यासाठी जमीन खणीत असता त्याला सुमारे २५ कॅरटांचा एक खडा सापडला. तो काय आहे हे त्यास ठाऊक नव्हते. परंतु तो चमकताना पाहून त्याने तो गोवळकोंड्यास नेला. ही कथा अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. खाणींच्या शोधाच्या अशा कथा सर्वत्र आढळतात. पण खाणीवरचे लोक आपल्या खाणीचा आरंभ शेतातून झाला असे सांगत होते, एवढे तरी तीवरून निश्चित कळते.

प्रत्यक्ष कामाचे टॅव्हर्नियरने केलेले वर्णन विस्तृत आहे. जेथे खणावयाचे त्याच्या शेजारी तेवढीच किंवा थोडी अधिक जागा सपाट करून घेत आणि तिच्याभोवती सुमारे दोन फूट उंचीची भिंत घालीत. भिंतीच्या बुडाशी दोन दोन फुटांवर पाणी जाण्यासाठी भोके ठेवीत व ती तूर्त बुजवून टाकीत. काम सुरू करण्यापूर्वी मालक, त्याचे आप्त आणि सर्व मजूर स्त्रीपुरुष देवाच्या पाषाणमूर्तीपुढे दंडवत घालीत, पुरोहित प्रार्थना करी, प्रत्येकाच्या कपाळी गंध व तांदळाचे सातआठ दाणे लावी. मग अंगावर पाणी घेऊन सर्वजण पंगतीने बसत आणि मालकाकडून त्यांना पत्रावळीवर भात, वितळलेले लोणी व साखर असे जेवण मिळे. मजुरांना हुरूप यावा आणि त्यांनी इमानाने वागावे हा या जेवणाचा हेतू, असे टॅव्हर्नियर म्हणतो. ज्याने पेरणीपूर्वी शेतात केलेली पूजा आणि गड्यांना घातलेले जेवण पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

यानंतर पुरुष खणीत, स्त्रिया व मुले माती वाहून त्या भिंतीच्या आवारात आणून टाकीत. खड्डा १०, १२, कधी १४ फूट खोल जाई; पाणी लागले की खणणे थांबे. मग तेच पाणी घागरींनी उपसून मातीवर ओतीत आणि मातीच्या चिकटपणाप्रमाणे एक-दोन दिवस ती भिजत ठेवीत, इतकी की तिची पेज व्हावी. पुढे भोके उघडून गढूळ पाणी सोडून देत, पुन्हा पाणी ओतीत. चिकणमाती निघून जाऊन वाळू तेवढी मागे राहीपर्यंत हे चाले. काही माती दोनतीनदा धुवावी लागे. उरलेली वाळू उन्हात वाळली म्हणजे ती सुपासारख्या टोपल्यांत घेऊन धान्य पाखडावे तशी पाखडीत. धूळ उडून जाई, भरड भाग पुन्हा जमिनीवर टाकीत. सर्व माती पाखडून झाल्यावर ती दाताळ्याने सारखी पसरीत. मग सारे मजूर हाती बुडाशी अर्धा फूट जाड असे लाकडी मुसळ घेऊन तीवर उभे राहत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनतीनदा कांडीत जात. कांडलेली माती पुन्हा टोपल्यांत, पुन्हा पाखडणे, पुन्हा पसरणे. आणि शेवटी एका बाजूस ओळीने बसून हाताने चाचपीत हिरे वेचणे.

मराठी वाचकाला या वर्णनातील प्रत्येक क्रियेसाठी शब्द शोधावा लागत नाही. भिजविणे, निथळणे, वाळविणे, पाखडणे, कांडणे, पुन्हा पाखडणे आणि निवडणे : भात वा डाळ घरात येऊन शिजेपर्यंत तिच्यावर जे जे संस्कार होतात, ते हेच. भिंतीच्या आवारात सपाट केलेली जागा हे खळेच होय, एवढाच फरक की त्यात पाणी कोंडता येते. सुपाच्या एका झटक्याने हलके पुढे उडते व जड मागे राहते, हे तत्त्व जाणण्यासाठी हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व ३·५ आणि गारेचे २·६५ आहे हे माहीत असण्याची गरज नाही. किंबहुना कोल्लूरची रीत या फरकावर फारशी अवलंबून नव्हतीच. तिने चिकणमाती धुऊन काढली, धूळ उडविली, ढेकळे फोडली. हिरा आणि गारेचा खडा यांतील अंतिम निवड मात्र डोळ्याने आणि बोटांनीच केली. तांदळातला खडा ओळखणारी बोटे येथे खड्यांतला तांदूळ ओळखीत होती असे म्हटल्यास ते चुकीचे ठरू नये.

यावर एक आक्षेप संभवतो. टॅव्हर्नियर हा युरोपीय. अपरिचित वस्तू परिचित उपमेने सांगावी म्हणून त्याने पाखडण्याचा दाखला दिला असेल, तर त्या उपमेवर सिद्धांत उभारणे योग्य होईल काय? आक्षेप रास्त आहे. परंतु मुसळ ही उपमा नव्हे. त्याच्या जाडीचे माप त्याने दिले आहे. आणि या मुसळासंबंधी त्याने केलेली एक नोंद विशेष मोलाची आहे. पूर्वी माती लाकडी मुसळांऐवजी दगडांनी फोडीत आणि त्यामुळे हिऱ्यांना तडे जात, असे तो सांगतो. मेथवोल्डच्या वृत्तांताशी ही नोंद ताडून पाहावी. मेथवोल्डने पाहिलेले मजूर माती चौकोनी सपाट जागेत चारपाच बोटे जाडीने पसरून वाळवीत आणि दुसऱ्या दिवशी हातात मोठे दगड घेऊनच तिची ढेकळे फोडीत. मग गोटे वेचून टाकून उरलेली माती चाळीत. म्हणजे १६२०च्या सुमारास दगड, आणि टॅव्हर्नियरच्या वेळेपर्यंत मुसळ. दोन स्वतंत्र साक्षी जुळतात आणि त्यांच्यामधल्या काळात हत्यार बदलल्याचे दिसून येते. दगडाने कठीण खड्यावर आघात होतो, लाकडाने ढेकूळ तेवढे फुटते. भाताचा कण होऊ नये म्हणून लाकडी मुसळ, तसेच हे. ही सुधारणा कोणी सुलतानाने किंवा जवाहिऱ्याने फर्मावल्याचा उल्लेख कोठेही नाही. ती कांडणाऱ्या हातांनीच केली असली पाहिजे.

हॉवर्डच्या वर्णनातून आणखी एक गोष्ट कळते. धुऊन काढलेली खडीवाळू सपाट पसरून वाळवीत आणि तिची तपासणी सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळातच करीत. कारण त्या वेळी सूर्यप्रकाश प्रखर असून खड्यावरची चमक लपत नाही. या कामावर सर्वांत जाणते मजूर बसवीत, आणि मालक समोर बसून त्यांच्यावर नजर ठेवी.

हिरे कोठे खणावे याचे ज्ञानही याच लोकांकडे होते. रावळकोंड्याच्या खाणीविषयी टॅव्हर्नियर स्पष्ट लिहितो की, हिऱ्यांच्या जागा जाणणाऱ्या खाणकऱ्यांच्या साह्यानेच व्यापारी सुमारे २०० पावलांच्या घेराची जागा निवडीत. छोटा नागपूरच्या बाजूस कोयल नदीच्या पात्रात पावसाळ्याचा गढूळपणा निवळल्यावर, जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारीच्या आरंभी, सुमारे ८,००० स्त्रीपुरुष व मुले हिरे शोधण्यास उतरत. युरोपात ज्यांस विजेचे दगड म्हणत तशा लहान दगडांवरून ते जागा ओळखीत, मेढी व माती यांनी तेवढे पात्र अडवून पाणी बाहेर काढीत आणि दोन फुटांपर्यंतची वाळू काठावरच्या आवारात नेऊन कोल्लूरप्रमाणेच धूत. त्याच प्रदेशातील खोखरा येथील हिऱ्यांविषयी जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे की, पाण्यावर चिलटांचे थवे जेथे घोंघावतात तेथे हिरे असतात असे तेथील लोक अनुभवाने जाणतात. चिलटांचा व हिऱ्याचा संबंध काय हे आज सांगणे कठीण. परंतु बादशहालाही जागेची खूण विचारावी लागली ती पाण्यात उतरणाऱ्यांनाच.

आता या ज्ञानाला मिळणारा मोबदला पाहू. मेथवोल्डच्या वेळी खाणीवर सुमारे ३०,००० माणसे होती आणि खाणीचा मक्ता वर्षाला ३,००,००० होनांचा होता. शिवाय १० कॅरटांवरील खडे राजाचे. टॅव्हर्नियर प्रथम कोल्लूरला गेला तेव्हा तेथे जवळजवळ ६०,००० माणसे राबत होती. रावळकोंड्याच्या मजुराला वर्षाकाठी ३ होन मिळत, आणि तरीही तो आपल्या कामात पूर्ण तरबेज असावा लागे, असे तोच म्हणतो. त्या वेळी होनाचा भाव सुमारे साडेतीन रुपये धरला जाई. म्हणजे मजुरी महिन्याला एक रुपयाही पडत नव्हती. याच खाणीवर व्यापाऱ्याला ५० मजूर लावल्यास दररोज २ होन सरकारास भरावे लागत. ५० मजुरांची वर्षाची मजुरी १५० होन. काम वर्षातून ३०० दिवस चालले असे धरले तरी सरकारचा कर ६०० होन. ज्या हातांनी हिरा वेचला त्यांच्या एकूण मजुरीच्या चौपट रक्कम त्या हातांना कामावर लावण्याच्या परवानगीसाठी मोजली जात होती. मग ५० मजुरांवर १२ ते १५ पहारेकरी ठेवावे लागत, आणि तरीही खडे गिळले जात, यात आश्चर्य कोणते? टॅव्हर्नियर या चोऱ्यांचे कारण मजुरीच्या अल्पतेतच पाहतो. या एका ठिकाणी जवाहिऱ्याची दृष्टी स्वच्छ आहे. सातआठ मांजाडींहून मोठा खडा कोणी मालकापुढे आणून ठेवला तर त्याला शिरपाव मिळे : मुंडाशाचे कापड, अर्धा किंवा एक होन, थोडे तांदूळ आणि ताटभर साखर.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या विषयाचे एक टोक वैरागडास पोहोचते. खोब्रागडी नदीकाठचे हे गाव पूर्वी चांदा जिल्ह्यात होते. १९८२ पासून ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. ऐन-इ-अकबरीत येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे, आणि पहिला कुलोत्तुंग चोळ याच्या लेखांतील ‘वयिरागरम्’ म्हणजे हेच स्थळ असे मानले गेले आहे. बृहत्संहितेतील वेणा म्हणजे वैनगंगा हे काही विद्वानांचे मत ग्राह्य धरल्यास ही परंपरा आणखी मागे जाते. खुद्द वैरागडच्या खाणीत काम कसे चाले याचे टॅव्हर्नियरने केले तसे वर्णन कोणी लिहून ठेवले नाही. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या सोनझऱ्यांची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातिविषयक ग्रंथात आहे. आणि सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन सोने काढणारा झारेकरी मराठी गावांना अगदी अलीकडेपर्यंत परिचित होता. वाळूतून, राखेतून, केरातून मोलाचा कण वेगळा करण्याचा व्यवसाय या प्रदेशात इतका रुळलेला होता की त्याला भाषेने स्वतंत्र नावे दिली. ही नावे जातीच्या उतरंडीत खालच्या पायरीवरची आहेत, हेही लक्षात ठेवावे. राख धुणाऱ्याला कोणी रत्नपारखी म्हटले नाही.

अठराव्या शतकात १७२५ ते १७३० च्या दरम्यान ब्राझीलचे हिरे युरोपच्या बाजारात आले आणि दख्खनच्या खाणींचे महत्त्व ओसरले. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञ या भागात हिंडू लागले, तोपर्यंत कोल्लूरचे स्थानही विवादास्पद झाले होते. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागातील व्हॅलेंटाइन बॉल याने टॅव्हर्नियरच्या प्रवासवर्णनाचे इंग्रजी भाषांतर १८८९ साली टिपांसह प्रसिद्ध केले आणि गनी म्हणजे कृष्णाकाठचे कोल्लूर हे सिद्ध करून दाखविले. हिरा मुळात भूपृष्ठाखाली दीडशे किलोमीटरांहून अधिक खोलीवर घडतो, ज्वालामुखीच्या नळ्यांतून वर येतो आणि ती नळी झिजली की नद्यांबरोबर खडीत जाऊन पडतो, हे नंतरचे ज्ञान. शेतात, नदीत आणि खडीच्या थरात तो का सापडे याचा उलगडा त्यामुळे झाला. अर्थशास्त्राची खाण, प्रवाह आणि विखुरलेले खडे ही त्रिविध विभागणीही त्या प्रकाशात बरीच समंजस वाटते.

जुनी रीत मात्र सर्वस्वी लुप्त झालेली नाही. बुंदेलखंडातील पन्ना येथे एकीकडे यांत्रिक खाण उभी राहिली, तरी आठ मीटर लांब व आठ मीटर रुंद अशा जमिनीच्या तुकड्याचा सरकारी पट्टा घेऊन सामान्य माणसे आजही हिरे शोधतात. हिऱ्यांची खडी, जिला तेथे ‘चाल’ म्हणतात, ती खणून काढावयाची, खड्ड्यातील पाण्यात पायांनी तुडवून टोपलीत धुवावयाची, उन्हात वाळवून सारख्या जमिनीवर पसरावयाची आणि हाताने वेचावयाची. स्वरूप तेच, व्यवहार बदलला आहे. सापडलेला खडा सरकारी कार्यालयात जमा करावा लागतो, त्याचा लिलाव होतो आणि स्वामित्वशुल्क वजा जाता उरलेली रक्कम पट्टेदाराची होते. पुष्कळांना वर्षानुवर्षे काहीच मिळत नाही.

कोल्लूर आज पाहता येत नाही. पुलिचिंतला धरणाच्या जलाशयात ते गाव आणि जुन्या खड्ड्यांचा परिसर बुडाला. मात्र कृष्णेच्या दक्षिणेस कर्नूल व अनंतपूर भागांत, जोन्नगिरी आणि वज्रकरूर या गावांच्या आसपास, मृगाचा पाऊस पडून वरची माती धुऊन निघाली की दूरदूरची माणसे शेतांत जमतात आणि सूर्य समोर घेऊन, वाकून, नांगरटीतून हळूहळू चालत राहतात. तेथे माती धुण्याचे काम पाऊसच करतो. उरते ते निवडणे.